देवमाशांच्या हाकेला कान
समुद्रातील पवनचक्क्या उभ्या राहताना पाण्याखाली काय ऐकले जाते आणि काय ऐकू येत नाही?

- विशेष प्रतिनिधी

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यू बेडफर्ड हे बंदर एकोणिसाव्या शतकात देवमाशांच्या शिकारीसाठी जगभर ओळखले जात असे. तेथून निघालेली शिडाची जहाजे दोन-दोन, तीन-तीन वर्षे महासागर पालथे घालीत आणि देवमाशांच्या चरबीचे तेल पिंपांत भरून परतत. घराघरांतील दिवे त्या तेलावर जळत. पुढे खनिज तेल आले आणि हा धंदा बुडाला. त्याच बंदरातून २०२३ पासून वेगळ्याच कामगिरीवरील जहाजे निघू लागली. पवनचक्क्यांची अजस्र पाती आणि मनोऱ्यांचे प्रचंड भाग घेऊन ती मार्थाज व्हिनयार्ड बेटाच्या दक्षिणेला सुमारे २४ किलोमीटरवर असलेल्या 'व्हिनयार्ड विंड' प्रकल्पाकडे जाऊ लागली. एकूण ६२ पवनचक्क्या आणि ८०६ मेगावॉट क्षमता असे या प्रकल्पाचे स्वरूप. जानेवारी २०२४ मध्ये येथील पहिली वीज किनाऱ्यावर पोहोचली.

दिव्यांच्या तेलासाठी ज्या प्राण्याचा जवळजवळ निर्वंश झाला, त्याचे उरलेसुरले वंशज याच पाण्यात वावरतात. आता पुन्हा एकदा उजेडासाठीच माणूस त्यांच्या दारात येऊन उभा राहिला आहे. फरक एवढाच की या वेळी हातात भाल्याऐवजी पाण्याखालचा ध्वनिग्राहक आहे. बांधकाम सुरू करण्यापूर्वी, बांधकामाच्या काळात आणि त्यानंतरही जवळपास देवमासा आहे का, हे समुद्राला कान लावून तपासले जाते. ही व्यवस्था कशी चालते, तिच्यावर किती विसंबावे आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेणे आपल्यालाही उपयोगाचे आहे. कारण समुद्रातील पवनऊर्जेचा विचार भारतातही सुरू झाला आहे.

नावातच घात

या पाण्यातील सर्वांत संकटग्रस्त देवमाशाचे नाव 'नॉर्थ अटलांटिक राइट व्हेल'. यातील 'राइट' म्हणजे 'योग्य'. अर्थात शिकारीस योग्य! हा देवमासा संथ पोहतो, किनाऱ्याच्या आसपास वावरतो, त्याच्या अंगात भरपूर चरबी असते आणि मारल्यावर तो बुडत नाही, तरंगत राहतो. शिकाऱ्यांना आणखी काय हवे? सुमारे १५-१६ मीटर लांबीचा हा अवाढव्य प्राणी तांदळाच्या दाण्याएवढ्या कोपेपॉड नावाच्या सूक्ष्मजीवांवर जगतो. १९३५ मध्ये त्याच्या शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली, तेव्हा फारच थोडे राइट व्हेल शिल्लक होते.

बंदीनंतर त्यांची संख्या अतिशय हळूहळू वाढत गेली. २०१० च्या सुमारास ती ४८० च्या आसपास पोहोचली आणि त्यानंतर उलटी घसरण सुरू झाली. २०२० पर्यंत जेमतेम साडेतीनशे उरले. ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या अंदाजानुसार २०२४ मध्ये ही संख्या ३८४ च्या आसपास होती. त्यांतील पिलांना जन्म देणाऱ्या माद्या सत्तरच्या घरात. मादीला एका वेळी एकच पिलू होते आणि दोन बाळंतपणांत काही वर्षांचे अंतर असते. अशा हिशेबात एक मादी दगावणे म्हणजे एक संपूर्ण शाखा खुंटणे होय.

या घसरणीमागे प्रामुख्याने दोन कारणे असल्याचे शास्त्रज्ञ सांगतात. पहिले म्हणजे जहाजांच्या धडका आणि दुसरे म्हणजे शेवंडी व खेकडे पकडण्याच्या सापळ्यांना बांधलेले दोर. सुमारे ८५ टक्के राइट व्हेलच्या अंगावर आयुष्यात एकदा तरी दोरात अडकल्याच्या खुणा सापडतात. त्यात २०१० नंतर मेनच्या आखातातील पाणी झपाट्याने तापू लागले, कोपेपॉडचे साठे सरकले आणि त्यांच्यामागोमाग देवमासेही नव्या पाण्यात गेले. तेथे ना जहाजांना वेगमर्यादा होती, ना मच्छीमारांवर बंधने. २०१७ या एका वर्षात अमेरिका व कॅनडा मिळून १७ राइट व्हेल मृतावस्थेत सापडले. याच स्थलांतरात मार्थाज व्हिनयार्ड व नॅनटकेट बेटांच्या दक्षिणेकडील समुद्र त्यांचा महत्त्वाचा मुक्काम बनला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार डिसेंबर ते मे या काळात एकूण संख्येपैकी सुमारे २३ टक्के राइट व्हेल या भागात येऊन जातात. नेमका हाच भाग पवनऊर्जेसाठी निवडला गेला आहे.

डोळ्यांपेक्षा कान भले

देवमासा एवढा मोठा, मग तो दिसत कसा नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. परंतु राइट व्हेलच्या पाठीवर पर नसतो, त्याचा रंग काळा असतो आणि आयुष्याचा बहुतेक काळ तो पाण्याखाली असतो. श्वास घेण्यापुरता वर आला तरी लाटा, धुके आणि अंधार यांतून त्याला हेरणे कठीण. विमानातून पाहणी करायची तर हवामान स्वच्छ हवे आणि दिवस हवा. हिवाळ्यात, म्हणजे ज्या काळात देवमासे येथे सर्वाधिक असतात नेमक्या त्याच काळात, उत्तर अटलांटिकमध्ये असे दिवस मोजकेच मिळतात.

ध्वनीचे मात्र तसे नाही. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे दीड हजार मीटर. त्यातही खर्जातला, म्हणजे कमी वारंवारतेचा आवाज पाण्यात फार कमी विरतो आणि दूरवर पोहोचतो. देवमाशांनी लक्षावधी वर्षांत आपला सारा व्यवहार या गुणधर्मावर बेतला आहे. आपल्याला जसे डोळे, तसे त्यांना कान. राइट व्हेलची सर्वांत ओळखीची साद 'अपकॉल' या नावाने ओळखली जाते. साधारण एक सेकंदाची ही हाक ५० हर्ट्झच्या आसपास सुरू होते आणि २०० हर्ट्झपर्यंत चढत जाते. संगीताच्या भाषेत सांगायचे तर खर्जातून वर घेतलेली छोटीशी मींड! नर, माद्या आणि वाढत्या वयाची पिले असे सारेच ही साद देतात. 'मी येथे आहे, तू कोठे आहेस?' असा तिचा अर्थ असावा, असे अभ्यासक मानतात.

या सादेचा अभ्यास ख्रिस्तोफर क्लार्क यांनी १९७० च्या दशकात अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावरील दक्षिणेकडच्या राइट व्हेलवर केला. त्याआधी रॉजर पेन आणि स्कॉट मॅकव्हे यांनी १९७१ मध्ये हंपबॅक देवमाशांचे आवाज म्हणजे रीतसर रचना असलेली गाणी आहेत, हे दाखवून दिले होते. मजेची गोष्ट अशी की, पेन यांना सुरुवातीची ध्वनिमुद्रणे बर्म्युडाजवळ अमेरिकी नौदलासाठी काम करणाऱ्या फ्रँक वॉटलिंग्टन या अभियंत्याकडून मिळाली. रशियन पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी नौदलाने समुद्राच्या तळाशी ध्वनिग्राहकांचे जाळे पसरले होते. शीतयुद्ध संपल्यावर, १९९० च्या दशकाच्या आरंभी, ते जाळे क्लार्क यांच्यासारख्या जीवशास्त्रज्ञांसाठी खुले झाले आणि शत्रूच्या पाणबुड्यांऐवजी देवमाशांचा माग काढला जाऊ लागला.

बोया, ग्लायडर आणि माणसाचा कान

ऊर्जा प्रकल्पाच्या निमित्ताने देवमाशांना ऐकण्याची पद्धत पवनचक्क्यांपासून सुरू झाली असे मात्र नाही. बोस्टनजवळच्या समुद्रात द्रवरूप नैसर्गिक वायू उतरवण्याची केंद्रे उभारताना तशी अट घालण्यात आली होती. त्यानुसार २००८ मध्ये बोस्टनकडे जाणाऱ्या जहाजमार्गावर दहा बोया नांगरण्यात आले. कॉर्नेल विद्यापीठ आणि वुड्स होल सागरविज्ञान संस्था यांनी उभारलेल्या या यंत्रणेत प्रत्येक बोया सुमारे पाच सागरी मैलांच्या परिसरातील अपकॉल टिपत असे. साद ऐकू आली की वायुवाहू जहाजांनी वेग ताशी दहा नॉटवर आणायचा, असा दंडक होता.

आजची यंत्रणा याच कल्पनेची पुढची पायरी आहे. तिचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार समुद्राच्या तळाशी ठेवलेल्या ध्वनिमुद्रकांचा. महिनोन् महिने ते गुपचूप मुद्रण करीत राहतात आणि वर काढल्यावरच त्यांतील माहिती हाती येते. तातडीच्या इशाऱ्यासाठी त्यांचा उपयोग नाही. परंतु कोणत्या ऋतूत कोण कोठे असते, याची जंत्री यांच्यामुळेच तयार होते. जेनेव्हिव्ह डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००४ ते २०१४ या काळातील तीनशेहून अधिक ध्वनिमुद्रकांची माहिती एकत्र केली होती. २०१० नंतर राइट व्हेलचा वावर बदलला, हे त्यातून स्पष्ट झाले.

दुसरा प्रकार तरंगत्या बोयांचा. यात मार्क बॉमगार्टनर यांच्या नेतृत्वाखाली वुड्स होल येथे विकसित झालेली यंत्रणा विशेष उल्लेखनीय आहे. ध्वनिग्राहक तळाशी असतो आणि ताणल्या जाणाऱ्या रबरी नळीने तो वरच्या बोयाशी जोडलेला असतो. साध्या साखळीचा खडखडाट झाला असता, तर देवमाशाऐवजी साखळीच ऐकू आली असती! तळाशी असलेला छोटा संगणक ऐकलेल्या प्रत्येक आवाजाचा चढउतार रेषेच्या रूपात मांडतो, आपल्याकडील नमुन्यांशी ताडून पाहतो आणि त्याचा गोषवारा उपग्रहामार्फत किनाऱ्यावर पाठवतो. सगळे ध्वनिमुद्रण पाठवणे परवडणारे नसते. म्हणून आवाजाची केवळ 'कुंडली' पाठवली जाते. न्यूयॉर्कजवळच्या समुद्रात २०१९ मध्ये असे दोन बोया ठेवण्यात आले, तेव्हा त्यांचा खर्च तेथे पवनऊर्जा प्रकल्प उभारू पाहणाऱ्या इक्विनॉर कंपनीने उचलला.

तिसरा प्रकार ग्लायडरचा. पिवळ्या रंगाच्या लहानशा पाणतीरासारखे दिसणारे हे स्वयंचलित यान. याला पंखा नसतो. पोटातील पाण्याचे प्रमाण कमी-अधिक करून ते बुडते आणि वर येते, आणि त्या वरखाली होण्यातच पंखांच्या साहाय्याने पुढे सरकते. वेग माणसाच्या चालण्याहूनही कमी. पण आवाज जवळजवळ नाहीच. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला दर्यावर्दी जोशुआ स्लोकम याचे नाव या यानांना देण्यात आले आहे. कॅनडात सेंट लॉरेन्सच्या आखातात अशा ग्लायडरने राइट व्हेलची साद टिपली, तर त्या भागातील जहाजांवर वेगमर्यादा लागू केली जाते.

एवढी यंत्रे असली तरी अंतिम निवाडा माणूसच देतो. हंपबॅक देवमाशाच्या गाण्यात अपकॉलसारखे सूर येतात आणि संगणक फसतो. म्हणून प्रशिक्षित विश्लेषक प्रत्येक संशयित साद डोळ्यांनी तपासतात. ती एकटी आहे की एखाद्या लांब गाण्याचा तुकडा आहे, हे पाहतात आणि मगच 'राइट व्हेल आढळला' असा शेरा मारतात. असा शेरा पडला की २०२० पासून अमेरिकेची सागर व वातावरण प्रशासन संस्था, अर्थात 'नोआ', त्या परिसरात 'मंदगती क्षेत्र' जाहीर करून जहाजांना पंधरा दिवस दहा नॉटपेक्षा कमी वेगाने जाण्याचे आवाहन करू लागली. हे आवाहन ऐच्छिक स्वरूपाचे असते, ही त्यातील मोठी उणीव होय.

घणाचे घाव आणि बुडबुड्यांचा पडदा

पवनचक्कीमुळे देवमाशाला नेमका धोका कोणता? चक्की फिरू लागल्यानंतर तिचा आवाज पाण्यात उतरतो खरा, परंतु तो जहाजांच्या तुलनेत बराच सौम्य असतो. मोठा प्रश्न आहे तो पाया घालण्याचा. पोलादाचा प्रचंड पोकळ खांब समुद्रतळात ठोकून बसवावा लागतो. त्याचा व्यास नऊ-साडेनऊ मीटरपर्यंत असतो, म्हणजे त्यातून एखादी बस आडवी पडली तरी मावेल. द्रवचालित घणाचे हजारो घाव काही तास सतत पडत राहतात. डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ झालेल्या अभ्यासात अशा कामाच्या वेळी शिंशुक जातीचे छोटे सस्तन प्राणी पंधरा-वीस किलोमीटरपर्यंतचा परिसर सोडून गेल्याचे आढळले होते.

यावर उपाय म्हणून जर्मनीने कडक मर्यादा घातली. खांबापासून ७५० मीटरवर एका घावाचा आवाज १६० डेसिबलपेक्षा अधिक असता कामा नये, असा तेथील नियम आहे. (पाण्यातील डेसिबल आणि हवेतील डेसिबल यांची मोजपट्टी वेगवेगळी असते, त्यामुळे या आकड्याची तुलना लाऊडस्पीकरशी करता येत नाही.) ही मर्यादा पाळण्यासाठी बुडबुड्यांच्या पडद्याची युक्ती वापरली जाते. खांबाभोवती समुद्रतळावर भोके असलेली नळी गोलाकार पसरतात आणि तीतून दाबाखालील हवा सोडतात. वर उसळणाऱ्या बुडबुड्यांची भिंत उभी राहते. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर ध्वनी परावर्तित होतो, विखुरतो आणि त्याचा जोर ओसरतो.

व्हिनयार्ड विंडच्या बाबतीत कंपनीने जानेवारी २०१९ मध्ये तीन पर्यावरण संस्थांशी करार केला. १ जानेवारी ते ३० एप्रिल या काळात एकही खांब ठोकायचा नाही, ही त्यातील महत्त्वाची अट. प्रकल्पाला सरकारी मंजुरी मिळाली ती मे २०२१ मध्ये. काम करतानाची शिस्तही ठरलेली असते. घण उचलण्यापूर्वी तासभर निरीक्षक दुर्बिणीतून समुद्र न्याहाळतात आणि दुसरीकडे ध्वनिग्राहकांवर कान ठेवला जातो. राइट व्हेल दिसला वा ऐकू आला तर काम लांबणीवर पडते. सगळे ठीक असले तरी पहिले घाव हलक्या जोराने घालायचे, म्हणजे चुकून जवळ असलेल्या प्राण्याला दूर जाण्याची संधी मिळते. प्रकल्पाच्या एका दिवसाच्या खोळंब्याचा खर्च प्रचंड असतो. तरीही एका सेकंदाच्या हाकेपुढे एवढी यंत्रसामग्री थांबते, ही गोष्ट शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या न्यू बेडफर्डमध्ये कोणाला खरी वाटली नसती.

आरोप कोणावर?

डिसेंबर २०२२ पासून न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या किनाऱ्यांवर एकामागून एक मृत देवमासे वाहून येऊ लागले. त्यांत हंपबॅक जातीचे देवमासे सर्वाधिक होते. त्याच सुमारास या समुद्रात पवनऊर्जेसाठी तळाची पाहणी सुरू होती. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या की एक दुसरीचे कारण ठरते, हा मानवी स्वभाव. न्यू जर्सीतील काही किनारी गावांच्या महापौरांनी कामे थांबवण्याची मागणी केली आणि 'पवनचक्क्या देवमासे मारतात' हे वाक्य राजकीय सभांमधून ऐकू येऊ लागले.

वस्तुस्थिती काय होती? अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हंपबॅकच्या मृत्यूंचे प्रमाण जानेवारी २०१६ पासूनच वाढलेले होते. त्या वेळी अमेरिकेच्या समुद्रातील पहिल्या, ब्लॉक आयलंड येथील अवघ्या पाच चक्क्यांच्या प्रकल्पातून वीजही मिळू लागली नव्हती. ती डिसेंबर २०१६ मध्ये मिळाली. ज्या हंपबॅकची शवचिकित्सा होऊ शकली, त्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांच्या अंगावर जहाजाची धडक वा दोरात अडकणे यांच्या खुणा होत्या. पवनऊर्जेच्या पाहणीमुळे मोठ्या देवमाशाचा मृत्यू झाल्याचा पुरावा आढळलेला नाही, असे नोआने वारंवार स्पष्ट केले. या पाहणीत वापरली जाणारी उपकरणे तेल कंपन्यांच्या हवाबंदुकांपेक्षा कितीतरी कमी ताकदीची असतात.

याबाबतीत जानेवारी २०२४ मधील एक घटना बोलकी आहे. खुद्द मार्थाज व्हिनयार्ड बेटाच्या किनाऱ्यावर तीन वर्षांची राइट व्हेल मादी मृतावस्थेत सापडली. पवनचक्क्या तेथून जवळच असल्याने संशयाची सुई तिकडे वळणे स्वाभाविक होते. पण तिच्या शेपटीभोवती दोर खोलवर रुतलेला होता आणि त्या दोरावर जांभळ्या खुणा होत्या. मेन राज्यातील सापळ्यांच्या दोरांना ओळखीसाठी याच रंगाच्या खुणा लावल्या जातात. दीर्घकाळ दोरात अडकून राहिल्यानेच मृत्यू झाला, असा निष्कर्ष निघाला.

तथापि, याचा अर्थ पवनऊर्जेला निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र मिळाले, असाही नव्हे. बांधकामाचा आवाज, जहाजांची वाढती वर्दळ आणि शेकडो चक्क्या उभ्या राहिल्यावर अन्नसाखळीवर होणारा परिणाम हे प्रश्न खरे आहेत. आवाजाचा ताण किती असतो, याचा अनपेक्षित पुरावा २००१ मध्ये मिळाला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर फंडीच्या उपसागरातील जहाजवाहतूक काही दिवस मंदावली आणि पाण्याखालील आवाज सहा डेसिबलने उतरला. त्याच काळात गोळा केलेल्या राइट व्हेलच्या विष्ठेत ताणाशी संबंधित संप्रेरकांचे प्रमाण घटलेले आढळले. रोझालिंड रोलंड आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला. गोंगाटाची सवय झालेली दिसली तरी शरीर त्याची किंमत मोजत असते, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको.

राजकारणाचा परिणाम मात्र व्हायचा तो झालाच. २० जानेवारी २०२५ रोजी सत्तेवर येताच अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी समुद्रातील पवनऊर्जेसाठी नवे क्षेत्र देण्यास स्थगिती दिली. ऑगस्टमध्ये ऱ्होड आयलंडजवळील 'रेव्होल्यूशन विंड' या बरेचसे काम झालेल्या प्रकल्पाला थांबण्याचा आदेश निघाला. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने तो रोखला. त्याच जानेवारीत आणखी एक गोष्ट घडली, तिची चर्चा फारशी झाली नाही. ६५ फुटांहून लांब जहाजांना ठरावीक ऋतूंत दहा नॉटची वेगमर्यादा २००८ पासून लागू आहे. ती ३५ फुटांपर्यंतच्या बोटींनाही लावण्याचा प्रस्ताव २०२२ मध्ये मांडण्यात आला होता. तो मागे घेण्यात आला. देवमाशांच्या नावाने पवनचक्क्या अडवल्या गेल्या, पण ज्या धडकांनी देवमासे मरतात, त्यांना आळा घालणारा नियम मात्र बारगळला.

मौनाचा अर्थ

देवमाशांना ऐकण्याच्या या पद्धतीची सर्वांत मोठी मर्यादा तिच्या व्याख्येतच आहे. जो बोलतो, तोच ऐकू येतो. साद आली तर देवमासा आहे हे नक्की. साद आली नाही तर देवमासा नाही, असे म्हणता येत नाही. तो खाण्यात मग्न असेल, विसावला असेल किंवा मुद्दाम गप्प असेल. सुझन पार्क्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की, नवजात पिलासोबत असलेली राइट व्हेल माता जवळजवळ मौनच पाळते. जे काही बोलते ते कुजबुजीसारखे, पिलालाच ऐकू जाईल इतके हळू. शिकारी प्राण्यांना सुगावा लागू नये, हा त्यामागील हेतू असावा. म्हणजे ज्या जोडीला वाचवणे सर्वांत निकडीचे, तीच यंत्राच्या कानाआड राहते.

दुसरी अडचण अशी की, एकटा ध्वनिग्राहक संख्या सांगत नाही. दहा हाका एकाने दिल्या की दहा जणांनी एकेक, हे कळणे कठीण. देवमासा नेमका कोठे आहे हे ठरवण्यासाठी अनेक ध्वनिग्राहक एकाच वेळी लागतात. तिसरी गोष्ट म्हणजे जहाजांचा आवाज नेमका अपकॉलच्याच पट्टीत असतो. गोंगाट वाढला की देवमासे एकमेकांना ऐकू शकत नाहीत आणि बोयाही त्यांना ऐकू शकत नाही. वाढत्या गोंगाटात राइट व्हेल आपला सूर चढवतात आणि अधिक मोठ्याने बोलतात, असेही पार्क्स यांच्या संशोधनातून पुढे आले आहे.

म्हणूनच नोआ आणि सागरी ऊर्जेचे नियमन करणारे खाते यांच्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये केलेल्या शिफारशींत ऐकण्याला इतर उपायांची जोड दिली आहे. ध्वनिग्राहक, निरीक्षक, विमानातून पाहणी, ठरावीक ऋतूत कामबंदी आणि जहाजांची वेगमर्यादा हे सारे एकत्र असेल तरच संरक्षण खरे. यांतील कामबंदी आणि वेगमर्यादा यांचे महत्त्व विशेष, कारण त्या देवमाशाच्या बोलण्यावर अवलंबून नसतात. तो गप्प राहिला तरी त्यांचे संरक्षण त्याला मिळते.

आणखी एक व्यावहारिक प्रश्न आहे. या समुद्रातील अनेक कानांचा खर्च पवनऊर्जा कंपन्या उचलतात. प्रकल्प थांबला की तो पैसाही आटतो. चक्क्या थांबवून देवमासे वाचवल्याचे समाधान मानायचे आणि त्याच वेळी त्यांना ऐकणारी यंत्रे बंद पडू द्यायची, असे झाले तर जहाजे आणि दोर आपले काम करीतच राहतील. ते नोंदवणारे मात्र कोणी उरणार नाही.

अरबी समुद्रालाही कान हवेत

केंद्र सरकारने समुद्रातील पवनऊर्जेचे राष्ट्रीय धोरण २०१५ मध्ये जाहीर केले. गुजरात आणि तमिळनाडू या राज्यांचे किनारे त्यासाठी निश्चित करण्यात आले. खंबातच्या आखातात वाऱ्याचा वेग मोजणारे उपकरण २०१७ मध्ये बसवले गेले आणि जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एक हजार मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी, दोन्ही राज्यांना निम्मे-निम्मे, ७,४५३ कोटी रुपयांच्या साह्याची योजना मंजूर केली.

आपल्या अरबी समुद्रातही एक छोटे कुटुंब धोक्यात आहे. जगातील इतर हंपबॅक देवमासे ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे लांबचा प्रवास करतात. अरबी समुद्रातील हंपबॅक मात्र वर्षभर येथेच राहतात. १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या समुद्रात त्यांतील २४२ जणांची शिकार केली. ओमानच्या किनाऱ्यावरील अभ्यासानुसार तेथे त्यांची संख्या शंभरहून कमी असावी. 'लुबान' नावाच्या मादीला २०१७ मध्ये ओमानजवळ उपग्रहाद्वारे माग काढणारी खूण लावण्यात आली, तेव्हा ती अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत जाऊन आली. कोकणालाही देवमासे नवे नाहीत. २०१५ मध्ये सिंधुदुर्गातील कुणकेश्वरजवळच्या समुद्रात निळा देवमासा दिसल्याची नोंद झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक निळा देवमासा वाहून आला.

खंबातच्या आखातात वाऱ्याचे मोजमाप वर्षानुवर्षे करण्याची आवश्यकता कोणी नाकारत नाही, कारण वारा किती ते कळल्याशिवाय चक्की उभारणे आतबट्ट्याचे ठरेल. तेवढ्याच धीराने पाण्याखालचे आवाजही आधीपासून टिपले, तर कोणत्या महिन्यांत घण थांबवायचा आणि कोणत्या वाटेने जहाजे न्यायची, हे पुढे भांडणाविना ठरवता येईल. अमेरिकेत वाद पेटला, तेव्हा आकडे निदान हाताशी होते. ध्वनिमुद्रणांची वर्षे मागे जमा होती. आपल्याकडे पहिला खांब रोवला गेल्यावर ही मोजणी सुरू केली, तर आधी तेथे कोण होते, हे सांगणारा साक्षीदारच नसेल.